मनगटावरचा रुद्राक्ष

मंगळवार, दिवेलागण

बासरच्या देवळापाशी दुकान असलेल्याला आम्ही ओवतो त्या जपमाळा नकोत, मनगटात घालायच्या रुद्राक्षमाळा हव्यात. सून सुनीता खूश, धंदा वाढतोय. मला एकच घोर. लोक त्या घालून जेवतील, संडासलाही जातील. पाप कोणाला, ओवणाऱ्यालाच ना?

"मामाजी, देव काय तुमच्यासारखा चिडका हाय?" ती हसली. तिनंच एक माझ्या डाव्या मनगटावर बांधली.

जेवताना तो हात ताटापासून उचलूनच धरला. मग शेजाऱ्याची बकरी अंगणात शिरली. शिवी ओठांवर आली, मनगट दिसलं, गिळली. खुंटीवरच्या जपमाळेनं कधी अडवलं होतं मला?

सुनीताला म्हटलं, हो कळव त्याला. गाठी मात्र मीच मारणार, देवाचं नाव घेऊन.