सात फुटी आरसा आणि एक शब्द

३ फेब्रुवारी १९७८
आग्रा रोडवरच्या नव्या हॉटेलची ऑर्डर लागली. हॉलसाठी सात फुटी आरसा. नीट पोचून नीट बसला तर साठही खोल्यांचे आरसे आपल्याच दुकानातून. मॅनेजरसाहेब इंग्रजीत म्हणाले, जिंजरली आणा. मी यस म्हणालो. अर्थ घरी येऊन बघितला.

त्याच दिवशी, संध्याकाळी
डिक्शनरी म्हणते: अतिशय जपून, अलगद. वा. मॅट्रिक नापास माणसाने पंचवीस वर्षं काच विकली आणि धंद्याचा खरा शब्द आज सापडला. संकल्प: यापुढे सगळं जिंजरली. बोलणंसुद्धा.

५ फेब्रुवारी
सौ.ला जिंजरली सांगितलं की तुझ्या भावाला अक्कल नाही. तरी रागावली. शब्द मुरायला वेळ लागतो.

७ फेब्रुवारी
हमालांना शब्द शिकवला. पुंजा तीस वर्षं काच वाहतोय. म्हणे, शेठ, आमी वल्लं गोणपाट गुंडाळतो, पुढचा गडी खड्डा, पायरी वरडून सांगतो, मागचे त्याच्या पावलानं चालतात. शब्द लागत नाय.
अडाणी. हॉटेलात ओरडाओरड शोभत नाही. पुढे मी चालणार आणि फक्त ‘जिंजरली’ म्हणणार.

९ फेब्रुवारी, सकाळी ११
मेन रोडपर्यंत नऊदा म्हणालो. दहाव्यांदा म्हणताना मीच गटाराच्या कडेला घसरलो. पुंजाने मागून विचारलं, शेठ, म्हंजी इथं खड्डा हाय का? तिथून पुढे तोच ओरडत आला. मी कानाडोळा केला. गरिबाचं मन मोडू नये.

दुपारी ४
आरसा भिंतीवर चढला. ओरखडा नाही. शब्दाचा गुण. मॅनेजरसाहेब खूश. त्यांच्यादेखत शेवटचा स्क्रू मी स्वतः आवळायला घेतला, अर्थ समजावत समजावत. पुंजा म्हणाला, शेठ, बास. मी म्हणालो, तुला अर्थ माहीत नाही. आणि आणखी अर्धा फेरा दिला.

१० फेब्रुवारी
तडा वरपासून खालपर्यंत. साठ खोल्या गेल्या. मॅनेजरसाहेबांनी मराठीत सांगितलं, आरसे दुसरीकडून घेऊ, पण आणायला पुंजाच पाहिजे.
जेवायला बसलो. सौ.ने ताट इतकं अलगद ठेवलं की वाटीतली आमटी हलली नाही. म्हणाली, असंच ना ते?
मी मान हलवली. जपून.