आईनं घास घेतला का

बाबा, आईला कुत्रा हवा होता. या वयात. गंजाडच्या घरात ती एकटी असते, डहाणूला माझ्याकडे यायला तयार नाही, आणि आपला म्हातारा राखणीचा कुत्रा गेल्यापासून दिवसदिवस तोंडातून शब्द काढत नव्हती. मी शनिवारी जायचे तेव्हा परसात त्याची ताटली अजून पालथी घातलेली असायची. एका शनिवारी म्हणाली, "मोठा नको गं, ओढून पाडेल मला. मांडीवर मावेल एवढा आण. सोबतीला." तिनं आजवर माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. मी लगेच हो म्हटलं, तर वर बजावलं, "पण त्याच्या आईनं घास घेतल्याशिवाय आणायचा नाही हं." तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, त्या घरात कायदा मात्र अजून तुमचाच चालतो.

तलासरीच्या गुरांच्या दवाखान्यात तुम्ही पट्टीबंधक होतात. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, डॉक्टर सुई टोचेपर्यंत बैल धरून ठेवायचा. पाड्यांवरची माणसं तुम्हालाच डॉक्टर म्हणायची आणि तुम्ही दर वेळी त्यांची चूक दुरुस्त करायचात. मला त्याचा भारी राग यायचा. कुणी पिल्लाची चौकशी केली की तुमचं ठरलेलं असायचं. दोन महिने आईखाली राहू दे. मग तिच्यासमोर जाऊन बस, हातात नागलीची भाकरी धर. तिनं तुझ्या हातून घास घेतला तर पिल्लाला हात लाव, नाही घेतला तर उठून घरी जा. कुणी हसून म्हणायचं, "कुत्रीला काय विचारायचं, साहेब?" तुम्ही हसत नव्हता. "उचलून आणलं तर ती चोरी. मागून आणलं तर ते पिल्लू आपलं."

आता पिल्लं फोनवर मिळतात, बाबा. वेवजीच्या बाजूच्या एका माणसानं एक दिवस मला सकाळपासून फोटो पाठवले, पांढरी, पिंगट, एकाच्या गळ्यात लाल रिबीन. हायवेवर या, गाडीतून देतो म्हणाला. मी विचारलं, याची आई बघायला मिळेल का? तो गडबडला. "माँनुं शुं काम छे, बेन? पिल्लू एकदम टॉप आहे." किती दिवसांचं आहे, लस टोचली का, याचंही धड उत्तर नाही. मी फोन ठेवला आणि थेट तुमच्या दवाखान्यात गेले. तिथं आता डॉक्टरीणबाई आहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कैनाडच्या एका बाईंचं घर सांगितलं: घरची कुत्री, एकदाच व्यालेली, लसीचं पुस्तक जागेवर.

चिकूच्या वाडीतलं घर. बाईंनी मला आधी बाकावर बसवलं आणि पिल्लं दाखवायच्या आधी माझीच उलटतपासणी घेतली. घरात दिवसभर कोण असतं? आजारी पडलं तर दवाखान्यात कोण नेईल? मग म्हणाल्या, "राग मानू नका ताई, पण आजींच्या माघारी याचं काय?" मी म्हटलं, मी नेईन डहाणूला. "मग घास आजींनी नाही, तुम्हीच द्यायचा. ही ज्याच्या हातचं खाईल त्यालाच मी पिल्लू देणार. पाच आठवड्यांचीच आहेत अजून. दोन महिने पुरे होऊ देत, मग या." हा कायदा त्यांच्याकडे कुठून आला, मी विचारलं. "माझे वडील तलासरीच्या दवाखान्यात गुरं न्यायचे. तिथल्या एका डॉक्टरांनी सांगितलं होतं." मी त्यांची चूक दुरुस्त केली नाही. तेवढी एकदा तुम्हाला डॉक्टर राहू दिलं.

घरी आले ती एक जुनी गोष्ट मनात घेऊनच. मी दहा वर्षांची आहे. शाळेतून येताना पेंढ्याच्या उडवीखाली पिल्लं दिसतात, नुकते डोळे उघडलेली, आणि मी त्यातलं एक दप्तरात घालून आणते. तुम्ही चुलीपाशी चहा पीत बसला आहात. दप्तर हलताना बघून म्हणता, "याची आई कुठे होती?" मी म्हणते, नव्हती. "नव्हती, की तू बघितलंच नाहीस?" तुम्ही ओरडत नाही, त्याचीच भीती वाटते. "जा. जिथून उचललंस तिथं ठेवून ये." मी जाते. परत येऊन सांगते, ठेवलं, त्याची आई चाटत होती त्याला. तुमचा चेहरा उजळतो. दुसऱ्या दिवशी तलासरीच्या बाजारातून तुम्ही एक छोटी पितळी घंटी आणता. "खरं वागलीस म्हणून. मागून आणशील त्याच्या गळ्यात बांध."

बाबा, मी उडवीपर्यंत गेलेच नव्हते. लांबून कुत्रीचं गुरगुरणं ऐकलं आणि पिल्लू शेताच्या बांधावर ठेवून पळाले. सकाळी शाळेला जाताना पाहिलं, पिल्लू तिथं नव्हतं. ती कुत्री त्या जागेशी वास घेत गोल गोल फिरत होती. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्यानंतर मी शाळेला दुसऱ्या वाटेनं जायचे.

पिल्लांचे दोन महिने भरले, तशी काल परत कैनाडला गेले. अंगणात बसून भाकरी पुढे धरली. वाटलं, हिला त्या बांधावरच्या पिल्लाचा वास येणार. कुत्री जवळ आली, बोटं हुंगली, खूप वेळ हुंगली, आणि घास घेतला. मला रडू आवरेना. बाई म्हणाल्या, "अहो ताई, तिनं हो म्हटलंय!"

आता पिल्लू आईच्या मांडीवर आहे. ती आज दिवसभर त्याच्याशी बोलतेय; तुमच्या तक्रारीसुद्धा सांगते. संध्याकाळी म्हणाली, "ती बाबांनी दिलेली घंटी बांध की." मी म्हटलं, कुठे ठेवली सापडत नाही. ती इथंच आहे, बाबा. पंख्यानं हा कागद उडू नये म्हणून त्याच्यावर ठेवली आहे.