कागदावरची वेगळी चूल

११ मार्च
विमा कंपनीचं पत्र. सौ.च्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन करायचंय, खर्च नामंजूर. कारण : 'आजार आधीपासून होता, अर्जात लपवला.' अर्जाची प्रत काढली. 'रक्तदाब आहे का?' यापुढे 'नाही'. खाली माझी सही. अक्षर बसवराजचं. हा माझा साडू आणि हाच विमा एजंट. उभा जन्म भांड्यांच्या दुकानात काढला, गिऱ्हाइकाच्या जुन्या भांड्याची मोड चार बाजूंनी पाहिल्याशिवाय घेतली नाही. आणि इथे कोऱ्या अर्जावर सही. सौ.ची गोळी तर तेव्हाच सुरू होती.

१३ मार्च
बसवराज आला. "अण्णा, सगळेच तसं लिहितात. खरं लिवलं तर पॉलिसी कोण देतंय?" चहा पिऊन गेला. साखर जास्त झाली, तेवढं सांगून.

१७ मार्च
लेकाने, महेशने, तोडगा आणला. मास्तर आहे, तोडगे काढतो. त्याच्या पगारामुळे घराचं रेशन कार्ड पांढरं, म्हणून सरकारी योजना नाही. आम्हा दोघांची नावं कमी करून वेगळं केशरी कार्ड काढायचं. दुकान बंद, मला उत्पन्न नाही. मग ऑपरेशन योजनेतून.
"फक्त कागदावर, अप्पा."
सूनबाई दारात उभी. गीता एरवी बोलकी, आज एक शब्द नाही. कल्पना नक्की कोणाची?
मी म्हणालो, कायक, म्हणजे स्वतःचे कष्ट, केल्याशिवाय घास गोड लागत नाही. फुकटचं नको.
"भीक न्हाई ही, अप्पा. हक्क हाय. इतकी वर्सं दुकानाचा टॅक्स कोण भरला?"
मग हप्ते भरले ते काय होतं? आपली काळजी आपण घ्यावी म्हणून भरले ना? महेश अर्जाचे कागद लावत बसला.

२४ मार्च
तहसील. पुरवठ्याचा कारकून म्हणतो, "उदगीर जिल्हा व्हायलाय. तवा या, समदं नवीन होईल." नवा जिल्हा मी दुकानात बसायला लागलो तेव्हापासून होतोय. महेश चिडला, "तवर झडप थांबंल का?" मग अर्ज घेतला. तलाठी घरी येऊन बघणार, चूल खरंच वेगळी आहे का.

२८ मार्च
मागच्या खोलीत शेगडी बसली. गीताने स्वतः खोली धुतली. टँकरच्या पाण्याने! आठवड्यातून एकदा येतो टँकर. फळी ठोकली, डबे मांडले, अर्ध्या दिवसात सगळं तयार. इतकी घाई?
वर म्हणाली, "कार्ड वेगळं झालं की टँकरचं बॅरलबी वेगळं मिळतंय."
अस्सं. बाजारपेठेत किती भावांच्या वाटण्या पाहिल्या. सगळ्यांची सुरुवात 'नुसतं कागदावर' अशीच.

२ एप्रिल
सौ.ला घेऊन लातूर. दवाखान्यात पाणी नाही, ऑपरेशनं पुढे ढकललेली. डॉक्टर म्हणाले नांदेडला न्या, पण उशीर नको. तीन पायऱ्या चढली की थांबते. मला भीती वाटते. कोणाला सांगत नाही.

६ एप्रिल
तलाठी आला. सौ.ने सकाळपासून नव्या शेगडीवर दोघांपुरतं रांधलं. भाकरी, वरण, शेंगाची चटणी. त्याने झाकण उचलून पाहिलं.
"आजी, लेकाशी पटत न्हाई का?"
"न्हाई पटत."
किती सहज म्हणाली. महेश अंगणात होता, ऐकलं त्याने. उगाच स्कूटर पुसत बसला. सगळं ठरलेलंच होतं, तरी...
सौ. खोटं बोलताना अडखळते. आज अडखळली नाही.

१२ एप्रिल
कार्ड आलं. केशरी. दोन नावं.

२६ एप्रिल, नांदेड
झालं. डॉक्टर म्हणाले, झडप नीट बसली. बाहेरच्या बाकावर बसून रडलो. देगलूरचा एक जण शेजारी होता, विडीकामगार. म्हणाला, "माझीबी बायकू आत हाय. माझं कार्ड पिवळं. तुमचं?" केशरी म्हणालो. त्याचं खरं, माझं लबाडीचं. डॉक्टर मात्र एकच. हायसं वाटलं आणि लाजही वाटली. लाज थोडी कमीच, खरं सांगायचं तर.

१० मे
घरी. गीता सौ.ला उठवते, वेणी घालते, मऊ भात भरवते. सगळं पुढच्या स्वयंपाकघरातून. मागची शेगडी धूळ खात आहे. मी अजून पाळत ठेवून. काही सापडत नाही.

१४ जून
पाऊस नाही. गीता म्हणाली, "अव्वा, आता ती शेगडी काढू का? कार्डबी पुन्हा एक करू."
तीन महिने पोरीवर संशय घेतला. मान वर करवेना.
सौ. म्हणाली, "राहू दे."
"का हो?"
"आधी सासूच्या हाताखाली रांधलं, मग तुझ्या. माझी चूल आत्ता झाली. राहू दे."
रागाने म्हणाली नाही. गीता फडकं घेऊन शेगडीवरची धूळ पुसायला गेली.

१८ जून
परवापासून सौ. मागेच रांधते. डॉक्टरांची परवानगी आहे. गीताने चटणी मागितली, वाटीभर दिली. शेजारणीला देतात तशी.
म्हणजे कार्ड आता खरं झालं. लबाडी संपली. मला बरं वाटायला हवं होतं.
दुपारी महेश माझ्याजवळ येऊन बसला. "अप्पा, तलाठ्याला अव्वा म्हणली ते..."
म्हणालो, तिलाच विचार.
तो उठला नाही. मीही नाही. आत सौ. ताटं मांडत होती. दोनच.