दवाखान्याच्या चौकातील एक मिनिट चाळीस सेकंद

प्रति,
मा. मुख्य स्पर्धा अधिकारी,
वार्षिक दीर्घ पल्ला ट्रायथलॉन,
स्पर्धा कार्यालय, खोली क्र. ७,
जलतरण तलावाची मागील बाजू.

अर्जदार : मार्शल क्र. ८६, नेमणूक चौक क्र. १४ (दवाखान्याचा चौक).

विषय : स्पर्धक क्र. ६१८ यांच्या एकूण वेळेतून चौक क्र. १४ येथील एक मिनिट चाळीस सेकंद वजा करून त्यांचे नाव स्पर्धा पूर्ण करणाऱ्यांच्या यादीत घेणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे चार अर्ज.
२) त्या चारही अर्जांना मिळालेले 'आपल्या अर्जाची नोंद घेण्यात आली आहे' हे एकच उत्तर.
३) स्पर्धा नियमावली, नियम २२ व नियम ३१.
४) आपल्या कार्यालयाने अर्जदारास पाठवलेले प्रशस्तिपत्र.

महोदय,

१. सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार वजनकाट्यावर नोंदणी कारकून असून गेली अकरा वर्षे या स्पर्धेत विनावेतन मार्शल आहे. भरलेला ट्रक काट्यावर चढला की जे वजन दिसेल तेच अर्जदार लिहितो, मग ट्रक कुणाचा का असेना. त्यामुळे लोक त्यास 'काटासाहेब' म्हणतात, काही प्रेमाने आणि बरेचसे वैतागून. हे सांगण्याचे कारण एवढेच की, अर्जदार खोटी नोंद करणाऱ्यांतला नाही, आणि गेले सात आठवडे आपल्या कार्यालयात त्याच्याकडे तसेच बघितले जात आहे.

२. अर्जदाराचे या स्पर्धेशी भांडण नाही, हे प्रथम नमूद करणे तो आपले कर्तव्य समजतो. सकाळी साडेपाचला तळ्यात अकराशे माणसे एकदम उतरतात आणि अकराशेच्या अकराशे मोजून बाहेर काढली जातात. बाहेर आले की ज्याची सायकल त्याला, ज्याचे बूट त्याला. बावीसशे पिशव्यांमधून आजवर एकच मोजा हरवल्याचे अर्जदारास आठवते, तोही चौथ्या दिवशी टपालाने धुऊन घरपोच आला. अर्जदाराच्या घरात माणसे दोन, तरी चष्मा सापडत नाही. त्यामुळे या कामाची किंमत त्याला कळते. एकशे ऐंशी किलोमीटरच्या सायकलरस्त्यावर एखादा खड्डा राहिलाच तर त्याभोवती पांढरा रंग असतो आणि शेजारी हात दाखवायला माणूस असतो. वर्षभर एकमेकांचे तोंड न बघणारे शेजारी त्या दिवशी एकाच टेबलामागे उभे राहून पाण्याचे पेले भरतात. पहिला आलेला गडी घरी जातो, अंघोळ, जेवण, झोप उरकतो आणि शेवटच्यांसाठी टाळ्या वाजवायला परत येतो. एवढे नेटके काम अर्जदाराने आयुष्यात दुसरे पाहिलेले नाही. म्हणूनच इतक्या नेटक्या यंत्रणेत एक मिनिट चाळीस सेकंद कुणालाच सापडू नयेत, याने त्याचे डोके फिरले आहे.

३. स्पर्धक क्र. ६१८ ही अर्जदाराची पत्नी होय. हे अर्जदाराने कधीही लपवले नाही. लपवले असते तर आज पाचवा अर्ज लिहिण्याची पाळी आली नसती. ती शिवणकाम करते. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत ती घोट्याच्या वर पाण्यात उतरली नव्हती. त्या वर्षी अर्जदाराचा डबा घेऊन ती चौकात आली असता, एक गृहस्थ लंगडत लंगडत शेवटून तिसरे चालले होते. त्यांच्याकडे टक लावून बघत ती म्हणाली, 'एवढं तर मलाही जमेल.' अर्जदार हसला. ते हसणे त्यास चांगलेच भोवले, कारण दुसऱ्या दिवसापासून घरात पहाटे साडेचारचा गजर वाजू लागला तो आजतागायत वाजतो आहे. पोहायला शिकण्यातच दोन वर्षे गेली. पहिल्या खेपेस ती तळ्यातून चार मिनिटे उशिरा बाहेर आली आणि तिला तिथेच थांबवले. दुसऱ्या खेपेस एकशे साठाव्या किलोमीटरला सायकलचे चाक गेले. यंदा ती बावन्न वर्षांची आहे आणि यंदा तिचे पाणीही झाले, सायकलही झाली. धावण्याच्या बेचाळीसपैकी अडतीस किलोमीटर संपवून ती अर्जदाराच्या चौकात आली, तेव्हा संध्याकाळचे आठ वाजून एकेचाळीस मिनिटे झाली होती. स्पर्धा साडेनऊला बंद होते.

४. त्याच वेळी दवाखान्याकडे निघालेली रुग्णवाहिका आली. अर्जदाराने स्पर्धक क्र. ६१८ यांना हात दाखवून थांबवले, वाहन जाऊ दिले, मग त्यांना सोडले. थांबा नोंदवहीत नोंद केली : थांबवले ८.४१.१०, सोडले ८.४२.५०. नियम २२ प्रमाणे हा वेळ स्पर्धकाच्या एकूण वेळेतून वजा होतो. त्यात संदिग्ध असे काहीही नाही.

५. ती समाप्तीरेषेवर नऊ वाजून तीस मिनिटे अठ्ठेचाळीस सेकंदांनी पोचली. महोदय, आपण तेव्हा मंचावर होतात, आपणही पाहिले असेल. घड्याळ बंद झाले होते. हवा भरलेल्या कमानीतली हवा सोडायला घेतली होती, कमान एका बाजूने बसली होती. त्या बसलेल्या बाजूखालून ती वाकून गेली. पदकांचा खोका चिकटपट्टी लावून बंद झाला होता. तो धरून उभ्या असलेल्या मुलीने मान खाली घातली. कुणी चुकीचे वागले नाही. अर्जदाराने नोंदवही जमा करायला येता येता हे दुरून पाहिले आणि त्यास वाटले की वही तिथेच फाडून टाकावी.

६. तरीही अर्जदार निर्धास्त होता, कारण नोंद होती. दुसऱ्या दिवशी खोली क्र. ७ मध्ये गेल्यावर हेडक्लार्कबाईंनी नियम २२ चे पोटकलम (क) दाखवले : स्पर्धक मार्शलचा नातलग असल्यास नोंदीवर दुसऱ्या मार्शलची सही हवी. चौकात दुसरे मार्शल बेकरीवाले होते, पण ते त्या वेळी उलट्या होणाऱ्या एका स्पर्धकाला धरून प्रथमोपचाराच्या तंबूत घेऊन गेले होते. ते म्हणतात, 'सही मागा, देतो, पण मी पाहिलेलं नाही.' अशी सही अर्जदार घेणार नाही. फुटपाथवर तीस-चाळीस माणसे होती. प्रेक्षकांचा जबाब चालत नाही. रुग्णवाहिकेच्या चालकाने लिहून दिले की चौक ओलांडला, पण कोण थांबले होते ते पाहिले नाही, समोर बघत होतो. तेही योग्यच. तेव्हा हेडक्लार्कबाई म्हणाल्या, 'आत पेशंट होता ना? त्याने पाहिलं असेल तर बघा.' महोदय, अर्जदार गेला. मूतखड्याने तळमळत असलेल्या त्या सद्गृहस्थांचा पत्ता मिळवून त्यांच्या दारात उभा राहिला. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिले, आणि सांगितले की आपण त्या वेळी फक्त गाडीचे छत बघत होतो. तसा त्यांचा लेखी जबाब सोबत जोडला आहे, कारण आपल्या कार्यालयाने कागद मागितला आणि अर्जदाराने दिला नाही असे कुणी म्हणायला नको.

७. चार अर्ज झाले. साहेब बैठकीत आहेत, साहेब मैदानावर आहेत, साहेबांच्या टेबलावर आहे, साहेबांच्या टेबलावरून खाली आले आहे, ही उत्तरे ऐकून अर्जदाराचे कान किटले. आणि मागील सोमवारी घरी टपाल आले. त्यात आपल्या सहीचे, जाड कागदावरचे प्रशस्तिपत्र होते : 'उत्कृष्ट मार्शल. चौक क्र. १४ येथे सायंकाळी ८.४१ वाजता धावणाऱ्या स्पर्धकास थांबवून रुग्णवाहिकेस तत्परतेने वाट करून दिल्याबद्दल.' अर्जदाराने ते तीनदा वाचले. म्हणजे अर्जदाराचे कौतुक करायचे तर त्या चौकात स्पर्धक थांबली होती, आणि तिला तिचे सेकंद द्यायचे तर ती थांबलीच नव्हती. एकच नोंदवही, एकच पान. पत्नीने ते वाचून कपाटाच्या दारावर लावले आणि म्हणाली, 'छान दिसतंय.' ती रागावून बोलली असती तर अर्जदारास निदान उलट बोलता आले असते. प्रशस्तिपत्र सोबत परत करीत आहे.

८. आता जे चारही अर्जांत लिहिले नाही ते लिहितो. अर्जदाराची नोंद सेकंदापर्यंत खरी आहे, पण पुरी नाही. सायरन ऐकू आला तेव्हा रुग्णवाहिका पाण्याच्या टाकीपाशी होती, चौकापासून निदान चारशे पावले. रस्ता सोळा पावलांचा. त्या सायरनमध्येच अर्जदाराने हिरव्या टोपीच्या एका स्पर्धकास 'चला, चला' करून पलीकडे सोडले. त्यांच्या मागे दहा-बारा पावलांवर ही होती. तिने अर्जदाराकडे पाहिले आणि ती हसली. पंधरा तास उलटून गेलेले, ओठ फुटलेले, तरी हसली. तिलाही सहज सोडता आले असते. तेवढ्यात फुटपाथवरून कुणीतरी म्हणाले, 'काटासाहेब, घरचं माणूस आलं, सोडा आता!' आणि अर्जदाराचा हात वर गेला. दुसरी कोणीही बाई असती तर गेला नसता. लोकांनी काय म्हटले असते, या एका विचाराने गेला. एकदा थांबवलेल्या स्पर्धकास वाहन जाईपर्यंत सोडता येत नाही, हा नियम अर्जदारच नव्या मार्शलांना शिकवतो. टाकीजवळचे अडथळे हलवायला वेळ लागला, रुग्णवाहिका तिथे अडकली, आणि अर्जदार हात वर धरून उभा राहिला. ती त्या हातासमोर जागच्या जागी पाय हलवत राहिली, थांबले असते तर पाय पुन्हा उचलले नसते म्हणून. आपले पोटकलम (क) असे गृहीत धरते की नवरा बायकोला झुकते माप देईल. त्या चौकात नेमके उलटे झाले, आणि त्याची शिक्षा तिला मिळाली.

९. नियम ३१ असा आहे की, मार्शलने स्पर्धकास विनाकारण थांबवले असल्यास तो सर्व वेळ स्पर्धकास परत मिळतो, त्यास दुसरी सही लागत नाही, आणि त्या मार्शलचे नाव यादीतून कायमचे कमी होते. मात्र तक्रार स्पर्धकाने स्वतः केली पाहिजे. अर्जदाराने तो नमुना आणला, भरला, आणि वरील परिच्छेद ८ मधील सर्व हकीकत पत्नीस सांगून तिच्यापुढे ठेवला. ती शिवणयंत्रावर बसली होती. म्हणाली, 'मला माहीत आहे की. मी काय आंधळी आहे?' तिला त्याच क्षणी कळले होते आणि सात आठवडे ती बोलली नव्हती. सहीचे नाव काढताच मात्र तिने साफ नकार दिला. अर्जदाराने समजावले, विनवले, शेवटी आवाज चढवला. तिने यंत्र थांबवले आणि म्हणाली, 'तुम्हाला काढून टाकल्यावर त्या चौकात मी कुणाकडे बघून पळायचं? पदक नको मला. पुढच्या वर्षी बघू.' आणि पुन्हा शिवू लागली.

१०. सबब नम्र विनंती की, नियम ३१ खालील तक्रार अर्जदाराकडून, अर्जदाराविरुद्ध स्वीकारावी. नमुन्यात तक्रारदाराच्या रकान्यात अर्जदाराने स्वतः सही केली आहे आणि 'स्पर्धकाशी नाते' या रकान्यात 'पती' असे लिहिले आहे. अर्जदाराचे नाव मार्शलांच्या यादीतून कायमचे कमी करावे व स्पर्धक क्र. ६१८ यांची वेळ पंधरा तास एकोणसाठ मिनिटे आठ सेकंद अशी दुरुस्त करावी. स्वतःविरुद्ध तक्रार करता येत नाही असा नियम अर्जदारास नियमावलीत आढळला नाही. असल्यास कृपया त्याचे कलम कळवावे, नुसती नोंद घेऊ नये. पुढील वर्षी अर्जदार त्या चौकात फुटपाथवर, प्रेक्षकांत उभा राहील. तेथे उभे राहण्यास कुणाच्या परवानगीची गरज नसावी असे तो समजतो.

११. या अर्जाबाबत स्पर्धकास काहीही माहिती नाही. तरी उत्तर घरी टपालाने पाठवू नये, टपाल ती उघडते. अर्जदार दर सोमवारी स्वतः येऊन विचारील.

आपला व आपल्या स्पर्धेचा नम्र,

(सही)
मार्शल क्र. ८६

दिनांक : २७ एप्रिल

सोबत :
१) थांबा नोंदवहीतील पान क्र. ९ ची प्रत.
२) रुग्णवाहिका चालकाचा जबाब.
३) मूतखड्याच्या रुग्णाचा जबाब.
४) प्रशस्तिपत्र, मूळ प्रत (कपाटाच्या दारावरून काढताना एक कोपरा फाटला आहे, क्षमस्व).
५) नियम ३१ खालील तक्रारीचा नमुना, भरलेला.
६) मार्शलचे पिवळे जाकीट, शिट्टी व ओळखपत्र. जाकिटाची उजव्या काखेतली शिवण उसवली होती, ती काल घरी घालून मिळाली आहे. कशासाठी, ते सांगितलेले नाही.