कपाटामागची काच

ता. ९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. तुझे गुडघे बरे आहेत हे वाचून हायसं वाटलं. माझी पाठ कुरकुरते, पण निवृत्त माणसाला तेवढीच सोबत.

फंडाचे पैसे घरात घालायचं ठरलं का, असं तू विचारलंस. हिचं केव्हाच ठरलंय. घर भाड्याने दिलं की दरमहा काही हातात येईल, मुलापुढे हात पसरावा लागणार नाही. मीच अजून घुटमळतोय. बयाणा दिलाय, खरेदीखत सोमवारी आहे. तिसरा मजला, हवेशीर आणि संशय यावा इतकं स्वस्त. भाडेकरूही हिने ठरवलाय, तुझीच लेक. पोरगी तान्ह्याला घेऊन आली आणि पाळणा कुठे ठेवायचा तेही ठरवून गेली.

तिला येऊ देऊ नकोस. बाजार लांब आहे, लिफ्ट नाही, पाण्याचीही बोंब आहे.

ही सगळी कारणं खोटी आहेत, ताई.

दलाल कागद पुढे करत हसून म्हणाला, "साहेब, इमारत तुमच्याच सहीने पास झालीये. तुम्हाला काय दाखवायचं?" ही कौतुकाने माझ्याकडे बघत होती. बावीस वर्षांपूर्वी खांब न तपासताच मी ती सही केली होती. पैसे नाही खाल्ले गं. ऊन फार होतं आणि मला कंटाळा आला होता. आता घर नको म्हटलं असतं, तर हिला कारण सांगावं लागलं असतं. म्हणून मुकाट्याने बयाणा दिला.

मागच्या खोलीत, जुन्या कपाटामागे भेग आहे. आमच्या कामात भेगेवर काचेची पातळ पट्टी चिकटवून तारीख घालतात. पट्टी शाबूत राहिली तर भेग जुनी, तुटली तर भिंत अजून सरकतेय. रंगाचं निमित्त सांगून किल्ली घेतली आणि पट्टी लावून आलो. आठ दिवसांनी पाहिलं तर तुटली होती. दुसरी लावली, ती चार दिवसांत गेली.

उतरताना दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी चहाला बोलावलं. दारात लहानमोठ्या चपलांचे पाच जोड होते. पुन्हा येईन म्हणालो.

मी फार भ्यालोय. व्यवहार मोडला तर माझे पैसे वाचतील, पण तिथे अकरा बिऱ्हाडं राहताहेत. जुन्या ऑफिसात जाऊन सगळं सांगायला हवं. रोज निघतो आणि कोपऱ्यावरून परत येतो. लहानपणी शाळा चुकवली की तू कान धरून न्यायचीस. सोमवारच्या आत ये.

खाली सही करायला हात धजत नाही. अक्षरावरून ओळख.

तुझा धाकटा