गालातलं पान

पायल,

तुले आत्ता कुठं झोप लागली म्हणून उठवलं नाही. मी दारव्ह्याले चालली, दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावाले. माहा फोन आला की बबलूच्या ऑटोत बसून ये.

तवरोक थुंकू नको, गुळण्या करू नको. रक्त आलंच त कापसाची घडी ओली करून दाढेच्या जागी दाबून धर. चहा नको, थंड वरणभात खा. जखमेवर धरलेली रक्ताची गाठ सुटली त आतलं हाड उघडं पडते, हे डॉक्टरनं मलेच बजावून सांगतलं होतं.

आन् म्याच काय केलं? काल पाव्हणे तुले पाहाले आले, त मुलाच्या आईनं पुसलं, पोरीचा गाल काहून फुगला? अक्कलदाढ काढली म्हटलं त खोट काढतीन, म्हणून मी बोलून गेली, गालात पान हाये. तिनं लगेच आपला डबा उघडला आन् अजून एक विडा लावून तुह्या हातात देल्ला. तू माह्याकडे पाह्यलं आन् चावला. रक्त गिळत बसली, पण मले खोटं पडू देल्लं नाही.

सकाळी त्यायचा फोन आला. तू पसंत हायेस. मुलाची आई म्हणे, पोरगी कमी बोलते, हेच आवडलं.

म्या सांगून टाकलं, ते पान नव्हतं, दाढ काढेल होती. तुह्या दादाले काय सांगाचं ते मी पाहीन. तिले म्हटलं, पोरीचं तोंड बरं होऊ द्या, मंग तिलेच विचारा.

तुही वैनी