आशीर्वाद राहिलेला रविवार

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या रविवारचं भांडण मी अजून तुझ्याच बाजूनं भांडते आहे. तू आगाऊपणा केलास, असं बाबा शेवटपर्यंत म्हणत राहिले. मला तसं तेव्हा वाटलं नाही, आताही वाटत नाही.

नगरकडून ग्वाल्हेरला आलेली आपली ख्रिस्ती मराठी घरं होती मूठभर. कुणी छापखान्यात, कुणी दवाखान्यात, कुणी पलटणीच्या बँडमध्ये. शाळेची एक खोली रविवारी आपल्याला मिळायची. मराठी पाळकसाहेब झाशीहून महिन्यातून एकदा सकाळच्या गाडीनं येत आणि उपासना घेऊन, जेवून संध्याकाळच्या गाडीनं परत जात. त्यांचं जेवण पाळीपाळीनं एकेका घरी असे. त्या रविवारी आपली पाळी होती. दौलतगंजच्या त्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात तू रस्सा चुलीवर ठेवून बाजरीच्या भाकऱ्या थापत होतीस. महाराजांचं राज्य जाऊन मध्य भारत प्रांत झाला होता, आता तोही मोडला होता. राजधानी भोपाळला गेली, तिच्यामागे कचेऱ्या गेल्या आणि कचेऱ्यांमागे आपली निम्मी माणसं. पाळकसाहेब चहाचा कप घेऊन दारात उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, वरून ठरलंय. आजची मराठी उपासना शेवटची. पुढच्या रविवारपासून सगळ्यांनी हिंदी मंडळीच्या उपासनेला जायचं. देवाला हिंदीही कळते."

"त्याला कळतं हो सगळं," तू म्हणालीस. "मला रडू मात्र एकाच भाषेत येतं."

ते हसले. "अहो, तुमची मराठी तरी आता कुठे मराठी राहिली? निम्मी हिंदीच तर बोलता."

"जशी आहे तशी आमची आहे." तू पातेल्यावर झाकण ठेवलंस आणि खुंटीवरच्या झांजा काढून घेतल्यास. तुझा चेहरा पाहून मी वेणीसुद्धा न घालता तुझ्यामागे निघाले.

आपल्यात एक रीत होती. पाळकांनी शेवटचा आशीर्वाद दिल्याशिवाय उपासना संपत नाही, आणि ती संपल्याशिवाय कुणी जागचं हलत नाही, मग घरी दूध उतू जाओ की दारात पाहुणा ताटकळो. पाळकसाहेबांनी उपदेशानंतर तो निर्णय सांगितला. बायका पदर तोंडाशी धरून बसल्या. मग ते म्हणाले, "आशीर्वादासाठी उभे राहू या," आणि त्यांनी हात वर केला. सगळे उठले. तू बसून राहिलीस आणि गाणं सुरू केलंस.

त्यांचा हात तसाच वर. गाण्याच्या मध्ये आशीर्वाद कसा देणार? मागची एक म्हातारी खाली बसली, मग दुसरी, मग सगळेच. बाबांनी एकदा तुझ्याकडे, एकदा पाळकसाहेबांकडे पाहिलं आणि तबला ओढून घेतला. एक गाणं संपायच्या आत तू दुसरं धरलंस, दुसरं संपायच्या आत तिसरं. अगं, ख्रिसमसची गाणीसुद्धा गायलीस त्या भर उन्हाळ्यात! घामानं तुझं लुगडं-चोळी सगळं भिजलं होतं. "साहेब, रुका न जरा, हे एवढंच," म्हणायचीस आणि पुढचं धरायचीस. शेवटी ते बाकावर बसले आणि आपल्याबरोबर गाऊ लागले. तेही नगरचेच होते ना. त्यांचा आवाज फार गोड होता.

गाडीची वेळ झाली तेव्हा त्यांनी पिशवी उचलली, तुला हात जोडले आणि आशीर्वाद न देताच निघून गेले. तू बाबांना डबा घेऊन स्टेशनवर पिटाळलंस. "उपाशी नको जायला त्यांनी. भांडण गाण्याचं आहे, जेवणाचं नाही." मग आम्हा सगळ्यांना म्हणालीस, "चला आता घरी. उपासना चालू आहे."

पुढे आपण हिंदी मंडळीत गेलो. मरेपर्यंत तू दर रविवारी गेलीस आणि आशीर्वादाला कधी उभी राहिली नाहीस. मीही राहत नाही. आता मी ग्वाल्हेरातच, हरिशंकरपुरमला मुलाकडे असते. परवा नव्या तरुण पाद्र्यांनी विचारलंच, "आंटी, घुटनों में दर्द है क्या?" मी म्हटलं, "घुटने ठीक हैं, बेटा. हमारी उपासना अभी ख़त्म नहीं हुई." नात खुसखुसली. हसू दे. घरी आल्यावर तीच म्हणाली, "आजी, वो वाला गाणं म्हण ना, पणजीचं."

तू त्या दिवशी सगळ्यात आधी धरलेलं ते गाणं मी दर रविवारी दुपारी म्हणते, तुझ्याच झांजांवर. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं, कारण मग तुला कळलं असतं. आई, त्याचं तिसरं कडवं मी विसरले आहे. घरात विचारावं असं कुणी उरलं नाही. त्याची जागा आली की मी झांजा जोरात वाजवते.